१९१९ : युद्धानंतरचे आकाश

नोव्हेंबर १९१८ मध्ये पहिले महायुद्ध थांबले, तेव्हा एकट्या ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सकडे सुमारे २२ हजार विमाने होती. चार वर्षांपूर्वी विमान म्हणजे लाकूड, कापड आणि तारांची एक नाजूक जोडणी होती. आता ते टनभर ओझे घेऊन शेकडो किलोमीटर जाऊ शकत होते. हजारो वैमानिक सैन्यातून मोकळे होत होते आणि कारखान्यांच्या मागण्या एकाएकी रद्द होत होत्या. या यंत्रांचे आणि माणसांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न १९१९ साली पडला आणि त्याची जवळजवळ सगळी उत्तरे त्याच वर्षात दिली गेली: प्रवासी वाहतूक, टपाल, महासागर ओलांडणे, आंतरराष्ट्रीय कायदा आणि वसाहतींतल्या लोकांवर बाँबफेक. विमानाचा इतिहास सांगताना यातली पहिली चार उत्तरे अभिमानाने सांगितली जातात. पाचवे पंजाब आणि काबूलमध्ये दिले गेले. ते वगळून हे वर्ष नीट समजत नाही.

वर्षाची सुरुवात एका धाडसाने झाली. १९ जानेवारीला फ्रेंच वैमानिक ज्यूल व्हेद्रिन याने पॅरिसमधल्या गॅलरी लाफायेत या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर विमान उतरवले. त्यासाठी ठेवलेले २५ हजार फ्रँकचे बक्षीस त्याला मिळाले. तीनच महिन्यांनी, २१ एप्रिलला, पॅरिसहून रोमला जाताना अपघातात तो मरण पावला. युद्धातून वाचलेल्या वैमानिकांचे असे मृत्यू या वर्षभर होत राहिले.

प्रवासी वाहतुकीचा आरंभ पराभूत जर्मनीत झाला. बर्लिनमधल्या अशांततेमुळे नवी राष्ट्रीय सभा वायमार या लहान शहरात भरवण्यात आली होती. राजधानी आणि सभेचे ठिकाण यांच्यात वृत्तपत्रे, टपाल आणि माणसे जलद पोहोचवण्याची गरज होती, आणि रेल्वे युद्धाने खिळखिळी झाली होती. ५ फेब्रुवारी रोजी, सभा भरण्याच्या आदल्या दिवशी, डॉइच लुफ्ट-रीडराय या कंपनीने बर्लिन-वायमार अशी रोजची विमानसेवा सुरू केली. विमाने लष्करातून उरलेली होती आणि आसने उघड्यावर होती. तरीही ठरल्या वेळी रोज निघणारी, पैसे देऊन कोणालाही बसता येणारी ती सेवा होती.

८ फेब्रुवारीला फार्मान गोलियाथ हे फ्रेंच विमान डझनभर प्रवासी घेऊन पॅरिसहून लंडनजवळच्या केनली येथे उतरले. गोलियाथची मूळ आखणी बाँबफेकी विमानाची होती. युद्ध संपल्यामुळे त्याच्या पोटात खुर्च्या बसवल्या गेल्या. ब्रिटनमध्ये नागरी उड्डाणाला तेव्हा परवानगीच नव्हती, म्हणून त्यात सैन्यातलीच माणसे बसवावी लागली. ही बंदी १ मे रोजी उठली.

भारतात मात्र विमान वेगळ्याच कामाला लागले. बर्लिनवर बाँब टाकण्यासाठी हँडली पेज कंपनीने व्ही/१५०० हे चार इंजिनांचे प्रचंड विमान बांधले होते. ते वापरण्याआधीच युद्धबंदी झाली. त्यातले एक डिसेंबर १९१८ मध्ये इंग्लंडहून निघाले आणि टप्प्याटप्प्याने जानेवारी १९१९ च्या मध्यास कराचीला पोहोचले. कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होते आणि पश्चिमेकडून येणाऱ्या विमानांना हिंदुस्थानातले पहिले सोयीचे ठिकाण तेच होते. विमान चालवणाऱ्यांत मेजर मॅक्लारेन आणि कॅप्टन रॉबर्ट हॅली होते. इंग्लंडहून हिंदुस्थानपर्यंत विमान येऊ शकते हे सिद्ध झाल्याचे कौतुक तेव्हा झाले. त्याच विमानाचा पुढचा वापर चार महिन्यांनी झाला.

त्याआधी एप्रिल आला. रौलट कायद्याविरुद्ध पंजाब पेटला होता. १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी गुजरांवाला शहरात जमावाने रेल्वे स्टेशन आणि सरकारी इमारतींना आगी लावल्या. रेल्वेमार्ग आणि तारा तुटल्यामुळे लाहोरहून सैन्य लगेच पाठवता येत नव्हते. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर यांच्या सरकारने विमाने पाठवली. कॅप्टन कार्बेरी याने शहराबाहेरच्या एका खेड्याजवळ चाललेल्या लोकांवर बाँब टाकले आणि मशीनगन चालवली. मग खालसा हायस्कूलच्या वसतिगृहाच्या आवारात आणि शहरातल्या गर्दीवरही बाँब पडले. खेड्याजवळ मेलेल्यांत एक बाई आणि एक मूल होते.

या घटनेची चौकशी हंटर समितीने केली. तिच्यात मुंबईचे चिमणलाल सेटलवाड हे एक सदस्य होते. समितीपुढे कार्बेरीने सांगितले, की लोकांनी पुन्हा जमू नये म्हणून हे केले आणि त्यात त्यांचेच हित होते. काँग्रेसने स्वतःची वेगळी चौकशी केली. त्या समितीत गांधींबरोबर चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यांनी गावोगावच्या लोकांचे जबाब घेतले आणि त्या अहवालात गुजरांवालाच्या हल्ल्याची हकिगत आहे. वरून येणाऱ्या यंत्राला खालचा माणूस दंगलखोर आहे, की शेतातून घरी निघालेला, हे ओळखता येत नाही. हवाई हल्ल्याबद्दलची ही अडचण त्या जबाबांतून स्पष्टपणे पुढे आली.

मे महिन्यात अफगाणिस्तानचा अमीर अमानुल्ला आणि ब्रिटिश यांच्यात तिसरे अफगाण युद्ध सुरू झाले. सरहद्दीवरची जुनी, लहान विमाने काबूलपर्यंत पोहोचून परत येऊ शकत नव्हती. तेव्हा कराचीला आलेल्या त्या व्ही/१५०० ची आठवण झाली. २४ मे रोजी हॅली ते घेऊन रिसालपूरहून निघाला, डोंगररांगा ओलांडून काबूलवर पोहोचला, अमिराच्या राजवाड्यावर आणि परिसरावर बाँब टाकून परतला. जाऊन येऊन सुमारे सहा तास लागले. नुकसान फार मोठे नव्हते, पण राजधानीत घबराट पसरली. लंडनवर जर्मन झेपेलिननी बाँब टाकले तेव्हा ब्रिटिशांनी त्याला रानटीपणा म्हटले होते; आता तेच ब्रिटिश काबूलवर बाँब टाकतात, अशी तक्रार अमानुल्लाने व्हाइसरॉयकडे केली. तिला समर्पक उत्तर देणे कठीण होते. ८ ऑगस्टला रावळपिंडीचा तह झाला आणि अफगाणिस्तानला परराष्ट्र धोरणाचे स्वातंत्र्य मिळाले. केवळ या एका हल्ल्याने अमीर तहाला आला असे नंतर सांगितले गेले. ते अतिशयोक्त आहे, कारण तो त्याआधीच समेटाकडे वळला होता. तरी थोड्या खर्चात दूरच्या प्रदेशावर वचक ठेवता येतो ही कल्पना लंडनमध्ये पक्की झाली. इराकचा ताबा १९२२ मध्ये रॉयल एअर फोर्सकडे सोपवला गेला, त्याची मुळे याच महिन्यांत आहेत.

याच मे महिन्यात जगाचे लक्ष मात्र उत्तर अटलांटिककडे होते. न थांबता अटलांटिक ओलांडणाऱ्या पहिल्या विमानाला १० हजार पौंड देण्याचे ‘डेली मेल’ या लंडनच्या वृत्तपत्राने १९१३ मध्येच जाहीर केले होते. युद्धामुळे ती स्पर्धा थांबली होती. आता कॅनडाच्या पूर्व टोकाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर एकेक पथक जमू लागले. तिथे सपाट जमीन जवळजवळ नव्हती. प्रत्येकाला कुरणे भाड्याने घेऊन दगड काढून धावपट्टी तयार करावी लागली. वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून उड्डाण अमेरिकेच्या बाजूने युरोपकडे करायचे होते.

अमेरिकी नौदल या बक्षिसाच्या स्पर्धेत नव्हते. त्यांची योजना टप्प्यांनी जाण्याची आणि फार बंदोबस्ताची होती. कर्टिस कंपनीच्या एनसी जातीच्या तीन उडत्या बोटी १६ मे रोजी न्यूफाउंडलंडच्या ट्रेपासी उपसागरातून निघाल्या. अझोर्स बेटांपर्यंतच्या वाटेवर सुमारे ५० सागरी मैलांच्या अंतराने युद्धनौका उभ्या केलेल्या होत्या. रात्री त्या प्रखर दिवे आणि प्रकाशगोळ्यांनी वाट दाखवत होत्या. तरी धुक्यात दोन बोटींना समुद्रावर उतरावे लागले. एनसी-१ मधल्या लोकांना एका ग्रीक जहाजाने वाचवले, पण बोट बुडाली. एनसी-३ चा कमांडर जॉन टॉवर्स याने आपली मोडकी बोट लाटांवरून सुमारे २०० सागरी मैल चालवत अझोर्सला आणली. अल्बर्ट रीडच्या ताब्यातली एनसी-४ मात्र १७ मे रोजी अझोर्सला, २७ मे रोजी लिस्बनला आणि ३१ मे रोजी इंग्लंडमधल्या प्लिमथला पोहोचली. अटलांटिक हवेतून ओलांडणारे पहिले यंत्र म्हणजे एनसी-४. ते लोकांच्या आठवणीतून लवकर गेले याचे कारण त्याचा प्रवास एका झेपेत झाला नव्हता.

१८ मे रोजी हॅरी हॉकर आणि मॅकेंझी-ग्रीव्ह हे सॉपविथ विमानातून न्यूफाउंडलंडहून निघाले. इंजिनाचे पाणी तापू लागल्याने त्यांनी वाट बदलली, एक जहाज शोधले आणि त्याच्याजवळ समुद्रात उतरले. त्या डॅनिश जहाजावर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे आठवडाभर दोघे मेले असेच सगळे समजले. हॉकरच्या पत्नीला राजाकडून सांत्वनाचा संदेशही आला. जहाज स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ आल्यावर त्यांच्या जिवंत असण्याची बातमी कळली.

जॉन अल्कॉक आणि आर्थर व्हिटन ब्राउन यांचे व्हिकर्स व्हिमी विमान १४ जूनला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून निघाले. अल्कॉक २६ वर्षांचा, ब्राउन ३२ वर्षांचा. युद्धात अल्कॉक तुर्कांच्या आणि ब्राउन जर्मनांच्या कैदेत पडला होता. ब्राउनच्या पायाला कायमची इजा झाली होती. कैदेत असताना ब्राउनने हवाई दिशाशोधनाचा अभ्यास केला होता आणि त्याला हे काम मिळाले ते त्यामुळेच. व्हिमीही मूळची बाँबफेकी. बाँबच्या जागी तेलाच्या टाक्या बसवून तिच्यात ८६५ गॅलन, म्हणजे सुमारे ३९०० लिटर इंधन भरले होते. उंचसखल कुरणावरून ते जड विमान कसेबसे झाडांच्या वर उठले.

निघाल्यावर थोड्याच वेळात बिनतारी यंत्राला वीज देणारे जनित्र बंद पडले. मग इंजिनाच्या धुराड्याचा एक भाग फुटून आवाज इतका वाढला, की दोघांना एकमेकांशी बोलता येईना. विजेने ऊब देणारे कपडेही थंड झाले. धुक्यात आणि ढगांत दिवस गेला, रात्र गेली. दिशा कळायला सूर्य किंवा तारे दिसणे गरजेचे, आणि ते क्वचितच दिसत होते. एका दाट ढगात अल्कॉकला विमानाचा तोल कळेनासा झाला. ते गिरक्या घेत खाली कोसळू लागले आणि समुद्रापासून थोड्याच उंचीवर ढगाबाहेर आले तेव्हा कुठे क्षितिज दिसून त्याने ते सावरले. वर गेल्यावर बर्फ साचू लागला. ब्राउन पुन्हा पुन्हा पंखांवर चढून इंजिनावरचा बर्फ काढत होता, ही गोष्ट पुढे फार रंगवली गेली. त्याच्या स्वतःच्या वर्णनाप्रमाणे तो जागेवर उभा राहून इंधनमापकाच्या काचेवरचा बर्फ पुसत होता. त्या वाऱ्यात आणि गारठ्यात जखमी पायाने तेही सोपे नव्हते, आणि त्याला आणखी रंग चढवण्याची गरज नाही.

१५ जूनच्या सकाळी आयर्लंडचा किनारा दिसला. क्लिफ्डेनजवळ मार्कोनीच्या बिनतारी केंद्राशेजारी हिरवीगार सपाट जागा पाहून अल्कॉकने ८ वाजून ४० मिनिटांनी विमान उतरवले. ती दलदल निघाली आणि विमानाचे नाक चिखलात रुतले. दोघांनाही इजा झाली नाही. सुमारे १८९० मैलांचे, म्हणजे ३००० किलोमीटरहून थोडे जास्त अंतर त्यांनी सुमारे १६ तासांत कापले. बरोबर १९७ पत्रे होती. अटलांटिकपार विमानाने गेलेले ते पहिले टपाल. बक्षिसाचा धनादेश विन्स्टन चर्चिल यांनी दिला आणि काही दिवसांत राजाने दोघांना ‘सर’ केले. चर्चिल तेव्हा युद्ध आणि हवाई खाते दोन्हींचे मंत्री होते. काबूलवर बाँब टाकणारे आणि गुजरांवालाला पाठवलेले विमानदलही त्यांच्याच खात्याचे.

अमेरिकेत याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. २२ मे रोजी न्यूयॉर्कमधील फ्रेंच वंशाचे हॉटेलमालक रेमाँ ओर्तेग यांनी न्यूयॉर्क आणि पॅरिस यांच्यात न थांबता उड्डाण करणाऱ्याला २५ हजार डॉलर देऊ केले; ते १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने मिळवले. त्याआधी २८ एप्रिलला ओहायोमधील मॅकूक फील्डवर लेस्ली अर्विन याने विमानातून उडी मारून हवेत काही क्षण मोकळे पडल्यावर स्वतः दोरी ओढून हवाईछत्री उघडली. माणूस हवेत पडताना शुद्ध हरपतो, त्याला दोरी ओढता येणार नाही, असा तेव्हा समज होता. तो त्या दिवशी खोटा ठरला. युद्धात बहुतेक विमानांच्या वैमानिकांना छत्री दिलीच जात नव्हती. या एका प्रयोगाने पुढे किती जीव वाचवले याचा अंदाज करणेही कठीण आहे.

जुलैमध्ये आर-३४ हे ब्रिटिश हवाईजहाज अटलांटिक ओलांडून परतही आले. २ जुलैला मेजर जॉर्ज स्कॉट याच्या नेतृत्वाखाली ते स्कॉटलंडच्या ईस्ट फॉर्च्यून येथून निघाले आणि १०८ तासांनी न्यूयॉर्कजवळच्या मिनिओला येथे पोहोचले, तेव्हा टाक्यांत इंधन जवळजवळ उरले नव्हते. तिथे दोर कसे धरावेत हे माहीत असलेले कोणी नव्हते, म्हणून मेजर प्रिचर्ड याने वरून छत्रीने उडी मारली. युरोपातून हवाई मार्गाने अमेरिकेच्या भूमीवर आलेला तो पहिला माणूस. परतीचा प्रवास वाऱ्याच्या साथीने ७५ तासांत झाला. लांबच्या प्रवासाचे भवितव्य विमानाचे नसून हवाईजहाजाचे आहे, असे अनेक जाणत्यांना या फेरीनंतर वाटले. मात्र २१ जुलै रोजी शिकागोमध्ये विंगफूट एअर एक्स्प्रेस हे हायड्रोजन भरलेले हवाईजहाज पेटून एका बँकेच्या काचेच्या छपरातून आत कोसळले. १३ जण मेले. त्यातले दहा बँकेत काम करणारे होते.

त्याच जुलैमध्ये, १८ तारखेला, वैमानिकाचा परवाना मिळवणारी जगातली पहिली स्त्री, फ्रान्सची रेमोंद द लारोश, एका नव्या विमानाच्या अपघातात मरण पावली. तिला तो परवाना १९१० मध्ये मिळाला होता.

२५ जूनला जर्मनीतल्या डेसाउ येथे युंकर्स एफ-१३ ने पहिले उड्डाण केले. ते संपूर्ण धातूचे होते. पन्हळी पत्र्याचे अंग, तारा किंवा टेकू नसलेला खालचा एकच पंख, आणि चार प्रवाशांसाठी बंद, उबदार खोली. आजच्या प्रवासी विमानाचा बांधा या यंत्रात पहिल्यांदा दिसतो. लष्करातल्या विमानाला खुर्च्या जोडून ते केलेले नव्हते. ते प्रवाशांसाठीच आखलेले होते. तीन दिवसांनी व्हर्सायचा तह झाला. जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्यास मनाई झाली आणि विमाने बांधण्यावरही काही काळ बंदी आली. तरी पुढल्या वर्षांत तीनशेहून अधिक एफ-१३ बांधली गेली आणि अनेक देशांत चालली.

रोजची आंतरराष्ट्रीय सेवा २५ ऑगस्टला लंडन आणि पॅरिस यांच्यात सुरू झाली. कंपनी होती जॉर्ज होल्ट टॉमस यांची एअरक्राफ्ट ट्रान्सपोर्ट अँड ट्रॅव्हल. हाउन्स्लो हीथवरून निघालेल्या पहिल्या विमानात एक वार्ताहर, वृत्तपत्रे, थोडे चामडे, साय आणि शिकारीचे पक्षी असा माल होता. भाडे २१ पौंड होते, सामान्य कारागिराच्या कित्येक आठवड्यांच्या कमाईइतके. हवा बिघडली की विमाने वाटेत शेतात उतरत. कंपनी लवकरच तोट्यात गेली, पण ती वाट चालू राहिली. ७ ऑक्टोबरला नेदरलँड्समध्ये आल्बर्ट प्लेस्मन यांच्या पुढाकाराने केएलएमची स्थापना झाली. तिच्या पहिल्या उड्डाणासाठी विमान आणि वैमानिक याच ब्रिटिश कंपनीकडून भाड्याने घेण्यात आले. आपल्या मूळ नावाने आजही चालू असलेल्या विमान कंपन्यांत केएलएम सर्वांत जुनी आहे.

विमाने सीमा ओलांडू लागल्यावर आकाश कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. समुद्राप्रमाणे ते सर्वांसाठी खुले असावे, असे काही कायदेपंडित म्हणत होते. युद्धाच्या अनुभवानंतर कोणतेही सरकार ते मानायला तयार नव्हते. १३ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये झालेल्या कराराने प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या हवेवर पूर्ण आणि अनन्य सत्ता दिली. विमानांची नोंदणी, राष्ट्रचिन्हाची अक्षरे, वैमानिकांचे परवाने यांचे नियमही त्यात आले. हिंदुस्थानच्या वतीनेही स्वतंत्र सही झाली. ज्या देशाच्या सरकारात इथल्या लोकांचा आवाज जवळजवळ नव्हता, त्याच्या आकाशावरची सत्ता अशा रीतीने कागदावर नोंदली गेली.

वर्षाच्या शेवटी इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया ही शर्यत झाली. ऑस्ट्रेलियन सरकारने ३० दिवसांत हे अंतर कापणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांना १० हजार पौंड देऊ केले होते. रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ, बेनेट आणि शायर्स या दोन यंत्रज्ञांसह, १२ नोव्हेंबरला हाउन्स्लोहून व्हिमीतून निघाले. रॉसने वर्षभरापूर्वीच कैरोहून कलकत्त्यापर्यंत विमान आणले होते, त्यामुळे अर्धी वाट त्याच्या ओळखीची होती. कैरो, दमास्कस, बसरा, बंदर अब्बास असे टप्पे घेत ते कराचीला आले, तिथून दिल्ली, अलाहाबाद आणि कलकत्ता. कलकत्त्याच्या रेसकोर्सवरून उठताना घारी विमानावर आदळल्या आणि थोडक्यात अपघात टळला. जावातल्या सुराबायाला चाके चिखलात रुतली. तेव्हा गावकऱ्यांनी घरांतल्या बांबूच्या चटया आणून धावपट्टी अंथरली. १० डिसेंबरला ते डार्विनला उतरले. सुमारे १८ हजार किलोमीटर, २८ दिवस. शर्यतीतल्या इतर पथकांपैकी दोन विमाने कोसळून चार माणसे मेली.

अल्कॉकला अटलांटिकच्या यशानंतर सहा महिनेच मिळाले. १८ डिसेंबरला पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नवे विमान नेताना रुआँजवळ धुक्यात त्याचा अपघात झाला आणि तो वारला. ब्राउनने त्यानंतर उड्डाण जवळजवळ सोडून दिले.

हिंदुस्थानात या वर्षीच्या कामगिऱ्यांचा नागरी उपयोग लगेच झाला नाही. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या आग्रहाने जानेवारी १९२० मध्ये रॉयल एअर फोर्सने मुंबई-कराची अशी टपालसेवा सुरू केली, पण ती थोडेच आठवडे चालली. लंडनहून कराचीपर्यंतची नियमित सेवा १९२९ मध्ये आली. कराचीहून मुंबईला टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा जुहूच्या मैदानावर उतरले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी.